फ्रेममधला गळ

“त्या तळ्याचं पाणीसुद्धा माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.”

हिम्मतराव हे बोलले ते इमारतीच्या मागच्या नळाखाली उकिडवे बसून, विटकरीच्या तुकड्यानं पाय खसाखसा घासताना. ऐकायला एकट्या भामाबाई होत्या. हातात साबण, नाकाला पदर आणि तोंड दुसरीकडे. नवऱ्याच्या पायावरून जो काळा ओघळ गटाराकडे चालला होता त्याला फिनेलचा, सडक्या कोबीचा आणि कुठल्यातरी औषधाचा गोडसर, अंगावर येणारा वास होता. भामाबाईंना तो वास आजही मधूनच येतो. नळ कोरडा असतो, खाली कुणी नसतं, तरी येतो.

हिम्मतरावांना जाऊन आता दोन वर्षं होत आली. हैदराबादेत, नल्लकुंट्याच्या फ्लॅटमध्ये हॉलमधल्या शोकेसवर त्यांचा फोटो आहे. फोटोशेजारी वीतभर काचेची फ्रेम, आत काळी मखमल, मखमलीवर एक गळ. मुलानं, विकासनं, हिमायतनगरच्या दुकानातून ती मुद्दाम करून घेतली. खाली इंग्रजीत वडिलांचं नाव आणि तारीख. पाहुणा आला की चहा येईपर्यंत विकास फ्रेम काढून त्याच्या हातात देतो.

“बाबांनी पकडलेली शेवटची मरळ. जेवताना निघाला हा, माशाच्या डोक्यातून. आमचे दाजी म्हणत होते, बाबा मासे विकत आणतात. सगळ्यांची तोंडं बंद झाली.”

पाहुणा गळ डोळ्यांजवळ नेतो, वा म्हणतो. मग विकास पुढचं सांगतो. त्या दिवसानंतर बाबांनी गळाच्या काठीला हात लावला नाही. आता काय दाखवून द्यायचं राहिलं होतं? मोठा शौकीन माणूस, आणि घरासाठी जीव टाकणारा. वर्षश्राद्धाला समाजाच्या हॉलमध्ये अध्यक्ष भगवंतराव बोलले तेही हेच, ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द तीनदा वापरून. लोकांनी माना हलवल्या आणि जिलेबी खाल्ली.

फ्रेम पुसायची वेळ आली की भामाबाई शोकेसचा तेवढा कोपरा सोडून देतात, मग सून प्रणिता येऊन पुसते. एकदा त्यांनी फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. विकासनं ती परत सरळ केली आणि म्हणाला, “आई, आठवण येते म्हणून असं करतेस ना?” त्या हो म्हणाल्या. दुसरं काय सांगणार होत्या?

त्या जेवणानंतर हिम्मतराव चौदा महिने जगले. त्यात प्रणिताला मुलगी झाली. दवाखान्यात त्यांनी दुपट्यातून बाळाचे हात बाहेर काढून बोटं मोजली. मग पायांची मोजली. मग पुन्हा हातांची. नर्स हसली. आजोबांना शाळेत घालायची घाई झालीय, असं काहीतरी म्हणाली. ती बोटं का मोजली जात होती हे खोलीत एकट्या भामाबाईंना ठाऊक होतं, आणि त्या खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत होत्या.

हिम्मतराव मूळचे भालकीकडचे, मांजरेच्या काठच्या गावातले. एकोणिसाव्या वर्षी हैदराबादेत आले आणि अफझलगंजला दोर, सुतळी, ताडपत्र्यांच्या दुकानात गोदामावर लागले ते छत्तीस वर्षं तिथंच राहिले. हाताला कायम सुंभाची कुसळं. घरी आले की आधी सुईनं कुसळ काढायचे आणि मग पोरांना जवळ घ्यायचे, टोचू नये म्हणून. मुलगी त्रिवेणी टायफॉइडनं पडली तेव्हा अकरा दिवस खाटेच्या पायथ्याशी बसून होते; मालक निरोप पाठवून थकला. विकासच्या शाळेच्या चड्डीला ते स्वतः इस्त्री करायचे, कारण भामाबाईंची घडी म्हणे वाकडी यायची. असा माणूस. शेजारच्या बायका हेवा करायच्या आणि भामाबाईंना त्याचाही कधीकधी वीट यायचा.

रविवार तेवढा त्यांचा. उप्पलच्या पलीकडे एक तळं होतं. नाव सांगून उपयोग नाही, आता त्या नावाची कॉलनी आहे. पहाटे सायकलला काठी बांधून जायचे, पुढे मोपेडवरून जायला लागले. दुपारी मरळ घेऊन यायचे. मरळच का, तर तिला काटे कमी. तरी ताटात तुकडा पडला की प्रत्येक घास दोन बोटांत चिवडून, काटा नाही याची खात्री करून पोरांच्या तोंडात घालायचे. स्वतःला शेपटाकडचं, गार झालेलं.

आणि तो मासा साफ करायचा भामाबाईंनी. त्यांच्या माहेरी मासा शिजत नव्हता. लग्नानंतर पहिल्या रविवारी सासूनं विळी पुढ्यात सरकवली आणि राख दिली. मरळ बुळबुळीत असते आणि लवकर मरत नाही. डोकं वेगळं केल्यावरही तिचं तोंड उघडतं, मिटतं, उघडतं, जसं काही सांगायचं राहिलंय. भामाबाई मोरीत जाऊन ओकल्या. हिम्मतराव म्हणाले, “मी करतो.” सासू म्हणाली, “तू कर, आणि मग लुगडंही नेस.” तेव्हा ते काम भामाबाईंकडे आलं ते कायमचं. त्यांनी त्यावर स्वतःपुरती तोड काढली. पदर नाकाला, मान खिडकीकडे, हात अंदाजानं. डोकं कापलं की पाण्याखाली दोनदा उलटंसुलटं करायचं आणि पातेल्यात. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी एकाही माशाच्या तोंडात पाहिलं नाही. चव तर कधीच घेतली नाही.

तळं एका दिवसात मेलं नाही. आधी एका बाजूला कारखाने आले, दुसऱ्या बाजूला कॉलन्या, आणि दोघांनीही आपापल्या गटाराचं तोंड तळ्यात सोडलं. पाणी हिरवं झालं, मग तपकिरी. मग पावसाळ्यात फेस यायला लागला, कमरेइतका, पांढरा, आणि वारा सुटला की तुकडे उडून रस्त्यावर यायचे. स्कूटरवाले हेल्मेटची काच पाडून जायचे. राहू मासळी गेली, कटला गेला. मरळ राहिली, कारण मरळ वर येऊन हवा पिते; पाण्यावाचून तिचं अडत नाही. हिम्मतरावांना त्याचं कौतुक वाटायचं. ती तगते, म्हणायचे. आणि ती तगलेली मरळ ते घरी आणत राहिले. हे नंतर त्यांच्या डोक्यात कसं घुमलं असेल ते भामाबाईंनाच माहीत.

चौदा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका रविवारी ते गेले आणि तासाभरात परत आले. तळ्यावर पाणी दिसत नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत मेलेल्या माशांची पोटं. ऊन चढत होतं, पोटं फुगत होती, मधूनच एखादं फुटल्याचा आवाज यायचा. कावळे तारेवर ओळीनं बसले होते आणि खाली उतरत नव्हते. लुंगी वर खोचलेला एक माणूस मात्र त्या चिखलात शिरून मासे पोत्यात भरत होता. हिम्मतरावांनी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, “मुर्गी का दाना बनता साब.” आणि त्यातल्या त्यात बरे दिसणारे मासे तो दुसऱ्या पोत्यात टाकत होता.

हे सगळं त्यांनी नळाखाली बसून भामाबाईंना सांगितलं आणि तिथंच ओकले. आदल्याच रविवारी घरात त्या तळ्याची मरळ शिजली होती. विकासनं तीनदा वाढून घेतली होती.

त्यानंतर घरात मासा आला नाही. हिम्मतराव रविवारी जात, रिकाम्या हातानं येत. लागत नाही, म्हणत. त्या वर्षभरात भामाबाईंनी त्यांना पोरांची नखं बघताना पाहिलं, डोळ्यांच्या खालची कातडी ओढून बघताना पाहिलं. विकास तेव्हा तेवीस वर्षांचा घोडा. “बाबा, मी काय बैल आहे का बाजारातला?” म्हणायचा. तळं मेलं, एवढं सांगितलं असतं तर सगळं संपलं असतं. पण मग इतकी वर्षं पोरांना काय भरवलं, हेही सांगावं लागलं असतं. घास चिवडून, काटा काढून. ते त्यांच्या तोंडून निघेना.

मग एके दिवशी विकास सहज बोलून गेला, “बाबांचा हात गेला आता.” त्याच्या पुढच्या रविवारी मरळ घरी आली. चांगली दीड किलोची. हिम्मतराव म्हणाले, बराच वेळ खेळवलं हिनं.

ती कुठून आली ते भामाबाईंना महिन्याभरानं कळलं. त्या हळद दळायला निघाल्या होत्या. नाल्यावरच्या पुलाच्या उताराला यादम्मा म्हणून एक कोळीण प्लास्टिकच्या टबात, पाण्यात बर्फाचे खडे टाकून, जिवंत मरळ घेऊन बसायची. तिच्यापुढे हिम्मतराव उभे होते, बगलेत काठी. बोट दाखवून मासा निवडत होते आणि विचारत होते, कुठला? यादम्मा म्हणत होती, “भीमावरम का माल है सेठ. बच्चों की कसम.” भीमावरम म्हणजे आंध्रातल्या स्वच्छ तळ्यांत पाळलेला मासा. त्यांनी दोनदा विचारलं. तिनं दोनदा शपथ घेतली. भामाबाई हळदीची पिशवी घेऊन तशाच मागं फिरल्या.

त्या दिवशी नळाखाली त्यांनी विचारलं, “आणि तळ्यातली?”

“लागते कधी कधी. गळ काढतो, सोडतो.”

“मग जाता कशाला त्या घाणीत मरायला?”

“रविवारी दुसरं काय करू?” हिम्मतराव म्हणाले. थोडा वेळ पाय घासत राहिले. आणि मग ते वाक्य बोलले, तळ्याच्या पाण्याचं आणि उंबऱ्याचं.

आणि त्यांनी ते पाळलं. तळ्यावरचे कपडे वेगळे, ते खाली मीटरच्या खोलीत खिळ्याला. चपला पॉलिथिनमध्ये गुंडाळून जिन्याच्या वळणावर. नळाखाली गुडघ्यापर्यंत पाय, कोपरापर्यंत हात, काठी तीनदा धुतलेली. मग वर. वर येताना हातात यादम्माची मरळ, स्वच्छ, दुसऱ्या पिशवीत. दहा-अकरा वर्षं असं चाललं. भामाबाई घाण वास घेत साबण द्यायच्या. त्या खोट्याची त्यांना किळस यायची आणि ते खोटं त्यांनी जपलं.

तीन वर्षांपूर्वी, मेच्या शेवटच्या रविवारी, हिम्मतराव नळाखाली बसून दोरीचं तुटलेलं टोक बोटांत फिरवत होते.

“एक मोठी गेली,” म्हणाले. “गळ गिळून गेली. दोरी तुटली. वाईट झालं. आता घशात लोखंड घेऊन फिरेल.”

गळ ते स्वतः बांधायचे. दुकानातून आणलेला तांबडा नायलॉनचा धागा, वर गाठ, आणि गाठ सुटू नये म्हणून तिच्यावर त्रिवेणीनं लग्नाआधी टाकून दिलेली नेलपॉलिश. गुलाबी, चमकीवाली. बाटली संपत आली होती. ते तिच्यात थेंब थेंब काहीतरी घालून पुरवत होते. असा गळ हैदराबादेत दुसऱ्या कुणाकडे असणं शक्य नव्हतं.

दहा दिवसांनी मिरग आला. हैदराबादेत मिरगाला घरोघरी मासा शिजतो; त्या दिवशी खाल्लेला मासा पावसाळाभर छाती धरू देत नाही, असं मानतात. हिम्मतराव सकाळीच काठी घेऊन गेले आणि दोन किलोची मरळ घेऊन आले. त्रिवेणी आणि तिचा नवरा शिवराज जेवायला होते. प्रणिताला सहावा लागला होता. पहिल्या पाच महिन्यांत तिच्या पोटात पाणी ठरलं नव्हतं, आणि काल ती म्हणाली होती, मासा खावासा वाटतो. त्या शब्दावर हिम्मतराव रात्री दोनदा उठून पाणी प्यायले होते. इतका आनंद.

भामाबाईंनी मासा कापला. पदर नाकाला, मान खिडकीकडे. डोकं पाण्याखाली दोनदा उलटंसुलटं केलं आणि चिंचेच्या कोळात टाकलं.

दुपारी सगळे टेबलाभोवती बसले; हिम्मतराव नेहमीप्रमाणे कोपऱ्यात स्टुलावर. डोकं जावयाला वाढलं. शिवराज निजामाबादचा, जीभ सैल. भात कालवता कालवता त्यानं सुरुवात केली.

“मामा, सच्ची सांगा. हा मासा गळाला लागला का नोटेला?”

“अहो,” त्रिवेणी म्हणाली.

“अगं विचारतो नुसतं. बारा वर्षं बघतोय, यांचे सगळे मासे एकाच मापाचे. तळ्यात काय शिंपी बसलाय का?”

विकास हसला. “दाजी, हळू. बाबांचा मासा थंड डोक्याचा आहे. मागच्या वेळी कल्ल्यात बर्फ होता.”

“हौ, बर्फ घेऊन पोहतात ते. उन्हाळा किती आहे.”

हिम्मतराव हसत होते. त्यांना हे आवडायचं. पोरं एकत्र बसून खातायत, आपल्यावर हसतायत. त्यांचं लक्ष प्रणिताच्या ताटाकडे होतं. एक तुकडा उचलून त्यांनी दोन बोटांत दाबून पाहिला, मग तिच्या भातावर ठेवला.

“मामा, बस. तिसरा आहे,” प्रणिता म्हणाली.

“खा गं. काटा नाही.”

“आत्या,” प्रणिता भामाबाईंना म्हणाली, “आज पहिल्यांदा पोटात राहतंय बघा.” आणि बोटं चाटली.

तेवढ्यात शिवराज थांबला. जबडा तसाच, डोळे बारीक. दोन बोटं तोंडात घालून त्यानं काहीतरी ओढलं. रश्शानं माखलेला गळ. त्याच्यामागून तांबडा धागा आला, चार बोटं लांब, टोकाला तुटलेला. शिवराजनं पाण्याच्या पेल्यात बुडवून तो वर धरला. गाठीवर गुलाबी चमकी.

“अगं आई,” त्रिवेणी म्हणाली, “माझी नेलपॉलिश.”

मग विकासनं टेबलावर हात आपटला. “घ्या दाजी. अजून बोला. घ्या.”

“हरलो,” शिवराज म्हणाला. उष्ट्या हातानंच त्यानं सासऱ्याला नमस्कार केला. “मामा, हरलो. बारा वर्षांची माफी. विकास, फोटो काढ रे, मामांच्या हातात दे हे.”

प्रणितानं टाळ्या वाजवल्या. त्रिवेणीचे डोळे भरले होते. विकास फोन शोधत होता.

भामाबाई भाताचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. तो गळ भीमावरमला जाऊन आला नव्हता. दहा दिवसांपूर्वी तो तळ्यात होता, त्या मरळीच्या घशात. तळ्यातून कुणाच्या तरी जाळ्यात, जाळ्यातून टेम्पोत, टेम्पोतून यादम्माच्या टबात, आणि टबातून, बोट दाखवून निवडलेला, शपथ घेऊन दिलेला, त्यांच्या विळीवर. आणि आजची एकच मरळ तिथून आली होती असं कोण म्हणेल? दहा-अकरा वर्षांचे रविवार त्या मनातल्या मनात मोजू लागल्या. त्यांनी त्या तोंडात एकदा पाहिलं असतं तर. पातेलं त्यांनी कडेवरच्या पोरासारखं घट्ट धरलं.

हिम्मतराव गळाकडे बघत होते. चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच राहिलं होतं, कुणी काढायला विसरल्यासारखं. मग त्यांनी मान वळवून भामाबाईंकडे पाहिलं. भामाबाईंनी खाली पाहिलं. खाली प्रणिताचं ताट होतं. त्यात पांढरा कणा आणि थोडा रस्सा. तिचा एक हात पोटावर होता आणि दुसऱ्या हातानं ती रस्सा पुसून घेत होती.

“बाबा, इकडे बघा,” विकास म्हणाला. “हातात धरा गळ. वर धरा.”

हिम्मतराव उठले. स्टूल मागे पडलं, ते उचललं नाही. हात धुतला नाही. सगळ्यांना वाटलं मोरीकडे चाललेत. ते दाराकडे गेले. दार उघडलं, उंबरा ओलांडला आणि उष्टा हात अंगापासून लांब धरून, जिन्याच्या वळणावर पॉलिथिनमध्ये गुंडाळून ठेवलेल्या चपलांशेजारून, अनवाणीच खाली उतरून गेले.